गाडीचा तोल, शॉकअपचे मोल

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घराला दोन वाटा असतात. कचेरीची कामे, मुलांचे उच्च शिक्षण आणि मोठे रुग्णालय यांसाठी एक वाट दक्षिणेस हैदराबादकडे जाते. सोयरीक, देवदर्शन, बारसे आणि लग्न यांसाठी दुसरी वाट पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात किंवा पश्चिमेस किनवट-माहूरकडे वळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. पण नकाशावर रेघ ओढल्याने माहेर आणि सासर यांच्यातले जाणे-येणे थांबत नाही. ते पूर्वी बैलगाडीने होत असे. आमच्या भागात बैलगाडीला 'बंडी' म्हणतात. तेलुगूतही शब्द हाच आहे, आणि तेलुगू भाषक आज मोटारीलाही 'बंडी'च म्हणतो. या बंडीची जागा आधी जीपने, मग सुमो, क्वालिस, बोलेरो यांनी आणि पुढे स्कॉर्पिओ, इनोव्हा, फॉर्च्युनर, सफारी अशा थोरल्या गाड्यांनी घेतली. एकत्र कुटुंबाला सात-आठ जणांची बैठक लागते, आणि आडवाटेच्या गावाला उंच गाडी लागते. म्हणून या गाड्यांचा आमच्या घरांना मोह पडावा हे स्वाभाविकच आहे.

गाडी घेताना घरातील मंडळी रंग पाहतात, एसी पाहतात, एका लिटरला किती किलोमीटर जाते ते विचारतात. जुनी झाल्यावर टायर, बॅटरी आणि ब्रेक यांकडे लक्ष देतात. परंतु चाकाच्या मागे, चिखलाने माखलेल्या कोपऱ्यात, ज्या चार नळकांड्यांवर गाडीचा तोल अवलंबून असतो, त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ती चार नळकांडी म्हणजे शॉकअप. सुमारे दोन टनांची गाडी, वर आठ माणसे, टपावर सामान आणि समोर घाटाची उतरण, अशा वेळी त्यांची कसोटी लागते. म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द सविस्तर लिहावेत असे आम्हांस वाटले.

नावाची फसवणूक

मूळ इंग्रजी शब्द 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर'. आमच्याकडे मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांतील मिस्त्रींनी मिळून त्याचा 'शॉकअप' केला. पुस्तकी मराठीत त्याला 'धक्काशोषक' म्हणतात. ही दोन्ही नावे वस्तूचा गुण सांगत नाहीत, किंबहुना दिशाभूल करतात. चाक खड्ड्यात आपटले की धक्का झेलते ती स्प्रिंग. ती दबते, शक्ती साठवते आणि लगेच परत देते. तिला तसेच सोडले तर एकदा ढकललेल्या पाळण्याप्रमाणे गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. हे दोलन शमवणे हेच शॉकअपचे काम. म्हणजे तो धक्क्याचा शोषक नसून दोलनाचा शामक आहे.

त्याची रचना शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. तेलाने भरलेले एक नळकांडे, त्यात दांड्याला जोडलेला दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा. चाक हलले की दट्ट्या तेलातून सरकतो. तेल दाबले जात नाही. त्याला त्या बारीक छिद्रांतूनच वाट काढावी लागते, आणि या झगड्यात हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. खडबडीत रस्त्याने लांबचा पल्ला मारून आल्यावर शॉकअप तापलेला असतो, तो याच कारणाने. झडपांची मांडणी अशी असते की सहसा दबताना विरोध कमी आणि उसळताना अधिक व्हावा. कारण दबलेली स्प्रिंग गाडीला जोराने वर फेकू पाहते आणि तिला आवरणे भाग असते.

हा शामक दोन हालचाली आवरतो. एक, गाडीच्या धडाची. ती संथ असते, सेकंदाला साधारण एक-दीड वेळा. दुसरी, चाकाची, ती सेकंदाला दहा ते पंधरा वेळा होते. पहिलीने प्रवाशांना मळमळते, दुसरीने जीव धोक्यात येतो. ब्रेक थांबवतो तो चाकाला. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. चाक उड्या मारू लागले की ते हवेत असते तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले आहे. परंतु ही यंत्रणादेखील टायर जमिनीला टेकलेला असेल तरच उपयोगी पडते. म्हणून शॉकअप ही चैनीची वस्तू नसून ब्रेकचे सख्खे भावंड आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पाट्यांची सवय

मग या भागाकडे एवढे दुर्लक्ष का झाले? आमच्या मते याचे उत्तर जुन्या गाड्यांत आहे. मुंबईत महिंद्रांनी १९४७ मध्ये ज्या जीपची जुळणी सुरू केली, तिच्या चारी चाकांवर पाटे होते. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. गाडी हलली की या पट्ट्या एकमेकींवर घासतात, आणि त्या घर्षणानेच दोलन बरेचसे शमते. त्यामुळे जीपचा शॉकअप मेला तरी गाडी कशीबशी सावरून घेत असे. अंग ठेचले जाई, पण तोल राही. 'चालते तोवर चालू द्या' ही वृत्ती त्या काळात फारशी महाग पडली नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. बोलेरोच्या मागच्या बाजूस अजून पाटे आहेत. परंतु बहुतेक नव्या मोठ्या गाड्यांना गुंडाळीच्या, म्हणजे कॉइलच्या, स्प्रिंगा असतात. कॉइलमध्ये घर्षण जवळजवळ नसतेच. ती मऊ आणि सुखद असते, पण स्वतःला आवरण्याचा गुण तिच्या अंगी नाही. तिचे दोलन शमवण्याची सर्व जबाबदारी एकट्या शॉकअपवर येते. पाट्यांच्या काळातली बेफिकिरी कॉइलच्या काळात वापरणे म्हणजे शांत बैलाच्या सवयीने तरण्या खोंडाची कासरा सैल सोडण्यासारखे आहे.

येथे 'स्ट्रट' या शब्दाचाही उलगडा केला पाहिजे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा आधार यांना एकाच खांबात गुंफले. १९५० साली इंग्लंडमधील फोर्ड कंपनीच्या कॉन्सल गाडीत ही रचना लोकांसमोर आली. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही असाच खांब होता. आजच्या मोठ्या गाड्यांपैकी हॅरियर, २०२१ ची नवी सफारी आणि एक्सयूव्ही ७०० यांच्या पुढच्या बाजूस हा खरा स्ट्रट आहे. जुन्या धाटणीची इनोव्हा आणि फॉर्च्युनर यांच्या पुढे मात्र दोन आर्म असतात आणि स्प्रिंग शॉकअपभोवती बसवलेली असते. गॅरेजात त्यालाही स्ट्रटच म्हणतात. फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साधा शॉकअप फक्त हालचाल आवरतो. खरा स्ट्रट गाडीचे वजन पेलतो आणि स्टिअरिंगबरोबर फिरतोही. म्हणून तो बदलणे अधिक खर्चाचे व अधिक जोखमीचे असते.

काळी माती आणि मुरूम

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. बेला, जैनद, तामसी या भागांतील काळी जमीन कापसाला आईसारखी आहे. रस्त्याला मात्र ती सावत्र आहे. या मातीतील चिकण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ताही तिच्याबरोबर उठतो आणि बसतो. वर्षा-दोन वर्षांत त्यावर लांबलचक लाटा उमटतात आणि कडा खचतात. अशा लाटांवर मेलेल्या शॉकअपची गाडी नावेप्रमाणे डुलते; एक लाट संपण्याआधी दुसरी येते आणि दोन्हींचे झोके एकमेकांत मिसळून वाढत जातात. समोरून कापसाने लादलेला ट्रॅक्टर येत असताना हे डुलणे किती घातक ठरेल, ते सांगायला नको.

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या डोंगरी भागाचे दुखणे निराळे. तेथील आतल्या गावांच्या मुरमाच्या रस्त्यांवर वाहतुकीने आडव्या पन्हाळी पडतात, जणू कोणी पत्रा अंथरला आहे. दोन उंचवट्यांमधले अंतर सुमारे एक मीटर धरले तर चाळीस किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक शॉकअपला चाळीस हजार वेळा वरखाली व्हावे लागते. तेल तापते, पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो. आणि फेसाला विरोध करण्याची ताकद नसते. सकाळी ठीक वाटणारी गाडी दुपारी सैल वाटते, ती यामुळे. थंड झाल्यावर शॉकअप पुष्कळसा पूर्ववत होतो. पण असे वारंवार घडले की आतील रबरी सील आणि झडपा कायमच्या झिजतात.

पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड बांधवांचे हे दैवत. पण दर्शनाला सर्व भाषांचे लोक जातात आणि गाड्या ओसंडून भरतात. सातांच्या गाडीत अकरा बसले, वर टपावर भांडी-बिछाने बांधले की गाडीचा भार वर सरकतो. निर्मळचा महबूब घाट किंवा केरामेरीचा घाट अशा गाडीने उतरताना वळणावर ती बाहेर झुकते, आणि थकलेला शॉकअप तो झोक वेळेवर आवरू शकत नाही. उंच गाडी उलटण्याचा धोका बुटक्या गाडीपेक्षा मुळातच अधिक असतो. ही गोष्ट घरातील कर्त्या माणसाने विसरू नये.

दुखणे कसे ओळखावे

शॉकअप एका दिवसात मरत नाही. तो हळूहळू थकतो आणि चालकाला त्या थकव्याची सवय होते. म्हणूनच तपासणी हवी. काही उत्पादक ८०,००० किलोमीटरच्या सुमारास तो बदलावा असे सुचवतात. आमच्याकडील रस्त्यांवर त्याच्या बऱ्याच आधीपासून लक्ष ठेवणे इष्ट.

खुणा सांगतो. नळकांड्यावर तेलाचा ओला ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर सील गेले असे समजावे. नुसता पुसट ओलावा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. टायरवर हात फिरवल्यास ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे लागले, तर चाक उड्या मारीत आहे. ब्रेक लावताच नाक खाली जाते, वेग घेताच शेपूट बसते, गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलते, शेजारून ट्रक गेला की ती हेलकावते. ही सर्व लक्षणे एकाच रोगाची. खडखड आवाज मात्र पुष्कळदा शॉकअपचा नसून बुश, बॉल जॉइंट किंवा वरच्या माउंटिंगचा असतो. तो नीट शोधल्याशिवाय नवे शॉकअप घेऊ नयेत.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. परंतु जड गाडी माणसाच्या वजनाने पुरेशी दबतच नाही. म्हणून या परीक्षेत नापास झालेला शॉकअप खचित वाईट, पण पास झालेला चांगलाच असे मानता येत नाही.

बदलताना

पहिला नियम, एका आसाचे दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलावेत. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावल्यास एक बाजू घट्ट, दुसरी सैल राहते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी बिचकते. एक जवान आणि एक म्हातारा बैल एका जुवाला जोडण्याचा प्रकार शेतकरी करीत नाही. मोटारवाल्यानेही करू नये.

दुसरा नियम जिवाचा आहे. स्ट्रटवरील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते आणि तिच्यात प्रचंड शक्ती कोंडलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ती दाबून धरल्याशिवाय स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट कधीही सोडू नये. तो सोडला तर स्प्रिंग तोफगोळ्यासारखी उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. दोरीने किंवा तारेने बांधून हे काम उरकणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी त्याच्याकडून ते करून घेऊ नये. गाडीदेखील नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवलेली असावी. बोलेरोच्या मागील शॉकअपचे तसे नाही. तेथे स्प्रिंग वेगळी असल्याने वरचे-खालचे बोल्ट सोडले की काम होते.

काही बारकावे असे, की जे पाहिले तर मिस्त्रीची पारख होते. दुहेरी नळीचा नवा शॉकअप आडवा पडून राहिलेला असतो आणि आत हवा शिरलेली असते. म्हणून तो बसवण्यापूर्वी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा. त्याचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये; त्यावर एक चरा पडला की तो सील कापतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळू लागतो. रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यावर ते ठरलेल्या जोराने आवळावेत. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. दांड्यावरचे धक्क्याचे रबर, धुळीचे आवरण आणि वरचे माउंटिंग हे स्वस्त भाग त्याच वेळी बदलावेत; पुन्हा तेच सगळे उघडण्याची मजुरी वाचते. स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे; अन्यथा शॉकअपवर वाचवलेला टायर अलाइनमेंटपायी झिजतो.

सुधारणा कोणती आणि किती

हल्ली तरुण मंडळींना नुसते बदलून समाधान होत नाही. त्यांना 'अपग्रेड' हवे असते. त्यात काही तथ्य आहे आणि पुष्कळ हौस आहे.

तथ्य असे. तेलावर दाबाखाली नायट्रोजन वायू ठेवला तर फेस होण्यास आळा बसतो. डी कार्बन या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेवरून बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने असे वायूचे एकेरी नळीचे शॉकअप १९५० च्या दशकात मोटारींसाठी तयार केले. एकेरी नळीतील तेलाची उष्णता बाहेरच्या हवेत चटकन जाते, म्हणून लांबच्या खडतर प्रवासात तो दमत नाही. पण त्याचा दट्ट्या बाहेरच्या भिंतीलाच घासून चालतो. मुरमाच्या रस्त्यावर दगड लागून नळीला पोचा पडला की तो अडकतो. दुहेरी नळीच्या शॉकअपला बाहेरचे कवच असल्याने लहानसा पोचा सोसतो. रोज गाव ते आदिलाबाद, आणि महिन्यातून एकदा नागपूर किंवा हैदराबाद, एवढाच प्रवास असलेल्या कुटुंबाला मूळ मापाचे, वायू भरलेले, दुहेरी नळीचे चांगले शॉकअप पुरेसे आहेत. आतल्या भागात रोज जाणाऱ्यांनीच त्याहून भारी मालाचा विचार करावा.

हौशीबद्दल दोन सावधगिरीचे शब्द. 'हेवी ड्यूटी' शॉकअप घातल्याने गाडी जास्त ओझे वाहू शकते हा समज चुकीचा आहे. ओझे स्प्रिंग वाहते, आणि तिची मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते. अति कडक शॉकअप तर पन्हाळींच्या रस्त्यावर उलटा परिणाम करतो. चाकाला खळग्यात उतरायला वेळच मिळत नाही आणि ते उंचवट्यांवरून नुसते टपटपत जाते. गाडी उंच करण्याची हौस त्याहून वाईट. गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे कोन बिघडतात, आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकण्याची भीती वेगळीच. मूळ मापाचा शॉकअप बदलणे ही दुरुस्ती. गाडीची उंची बदलणे हे रूपांतर. दोहोंतील सीमा ओलांडू नये.

खरेदीबाबतही जागरूक राहावे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्यांमुळे देशी शॉकअप सहज मिळतात. परंतु जुने नळकांडे उघडून, तेल भरून, काळा रंग देऊन नव्याच्या भावात खपवण्याचे प्रकार बाजारात आढळतात. पक्के बिल, हमीपत्र आणि आपल्या गाडीचा अचूक पार्ट क्रमांक याशिवाय माल घेऊ नये. भरून दिलेला शॉकअप काही दिवस बरा चालतो. त्याच्या आतील झिजलेल्या झडपा मात्र तशाच असतात.

मृगापूर्वी शेतकरी वखर आणि तिफण नीट करून घेतो. तेव्हाच गाडीखाली वाकून हे चार कोपरे पाहून घ्यावेत. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर पकडीची गरज सर्वांत अधिक असते. दुसरी तपासणी दसऱ्याला व्हावी. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. घरातील मोठ्याने धाकट्याच्या हाती दिवा देऊन चाकामागचा तेलाचा ओघळही त्याच वेळी शोधावा. ज्या गाडीत आपण आपली आई, सून आणि नातवंडे बसवतो, तिची ती खरी पूजा होय.